मधनं सांग

दिवस मावळताना मेंढरं परत आली, की रंगूबाई चुलीपुढनं उठायची नाही. बसल्या जागी कान द्यायची. कुठली मेंढी कोकराला हाक मारतेय, कुठली उगाच वरडतेय, कुठली पायात काटा घेऊन आलीय, हे तिला धुराआडूनसुद्धा कळायचं. त्या दिवशी मात्र एक हाक सरेना. पांढऱ्या कानाची मेंढी हाक मारायची, थांबायची, पुन्हा मारायची. उत्तर येत नव्हतं.

रंगूबाई उठली.

"पिवळं कुठं हाय रं?"

धुळा, तिचा लेक, जाळीच्या वाघरीचं तोंड बांधत होता. बांधून झालं. मग वळून म्हणाला, "लांडग्यानं न्हेलं, आये."

फलटणच्या पुढं, कालव्याच्या पट्ट्यात लालासाहेबांच्या मोकळ्या रानात त्यांचा वाडा उतरला होता. धनगराच्या वाड्याला भिंती नसतात. दोन घोडी, तीन दगडांची चूल, कोंबड्यांचं डालगं आणि मेंढरांभोवती जाळीची वाघर, एवढाच वाडा. मेंढरं रातचं रानात बसायची, रानाला खत व्हायचं, आणि बदल्यात लालासाहेब ज्वारीची पोती द्यायचे. माणदेशातनं खाली उतरलेला हा वाडा एरवी एका रानात आठवड्यावर टिकायचा नाही. यंदा मात्र रंगूबाईनं पाय रोवले होते. सून स्वप्नाली पोटुशी होती, दिवस भरत आले होते. मागच्या खेपेला घाट चढताना, वाटेवरच तिचं पोटातलं गेलं होतं. म्हणून यंदा बाळंतपण होईतो वाडा हलवायचा नाही, असं रंगूबाईनं ठरवलं होतं. फलटणचा दवाखाना इथनं हाकेवर होता, आणि लालासाहेबांची जीप रात्री-बेरात्री कधीही मिळणार होती.

आणि पिवळं हे बिरोबाच्या नावानं सोडलेलं कोकरू होतं. सुनेची सुटका नीट होऊ दे म्हणून रंगूबाईनं त्याच्या पाठीवर भंडारा लावला होता, गळ्यात लोकरीचा काळा दोरा बांधला होता. पांढऱ्या कानाच्या मेंढीचं हे कोकरू नुकतंच कळपाबरोबर चरायला जायला लागलं होतं.

"कसं काय न्हेलं?" तिनं विचारलं.

"उन्हं कलली हुती," धुळा म्हणाला. "मी बाभळीखाली उभा. मेंढरं वड्याच्या अंगाला लागलेली. तेवढ्यात कुत्रं भुकलं. बगतुय तर लांडगा. मी काठी उगारली, आरुळी दिली, मागं लागलो. पर त्यानं पिवळ्याला मानंला धरलं आन उसात शिरला. उसात काय दिसतंय?"

बोलताना तो खाली बघत होता. त्याचं रंगूबाईला काही वाटलं नाही. धुळा लहानपणापासून खाली बघूनच बोलायचा. लग्नात सुद्धा अंतरपाटाआड पायाचा अंगठाच बघत उभा होता. नजर चुकवणारा खोटा आणि डोळ्याला डोळा देणारा खरा, असं मानणारी माणसं बाजारात रोज फसतात, हे तिला ठाऊक होतं. तिला दुसरंच काहीतरी टोचलं. काय, ते मात्र लगेच सापडेना.

धुळाचा चुलता गुंडा पलीकडं घोड्याला चारा टाकत होता. तो जवळ आला.

"लांडगा म्हणतुयस?"

"व्हय, तात्या."

"मग झालं की. एकदा आला म्हंजी वाट शिकला त्यो." गुंडानं डोक्याचं मुंडासं काढून झटकलं. "वैनी, उद्या हलायचं. आजूबाजूला समदा ऊस उभा हाय, दुसरं रान गावायचं न्हाई. डोंगराकडंच सरकाय पायजे."

धुळाचं तोंड उघडलं. काहीतरी बोलायला म्हणून उघडलं आणि तसंच मिटलं.

रंगूबाईनं ते बघितलं. चुलीच्या पलीकडं भाकरी थापणाऱ्या स्वप्नालीनंही बघितलं. तिचा हात परातीत जरासा थांबला, आणि पुन्हा फिरू लागला.

"डोंगराकडं म्हंजी घाट चढायचा," रंगूबाई म्हणाली.

"मग काय लांडग्याला म्हणायचं, आमची सून बाळंत व्हईस्तवर थांब?" गुंडा म्हणाला. "कोकरावर भागलं, हे नशीब. उद्या सूनबाईच्या मांडीवरचं न्हेईल. तवा कुणाला इचारशीला?"

गुंडा वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं धनगराच्या जातीला पटणारं होतं. लांडगा आला की वाडा हलतो. त्यात मतं घ्यायची नसतात.

पांढऱ्या कानाची मेंढी हाक मारत राहिली. तिचं तोंड उसाकडं नव्हतं. कालव्याकडं होतं.

*

सकाळी गुंडानं वाघरीच्या खुट्या उपटायला घेतल्या. स्वप्नाली गाठोडी बांधत होती. वाकता येत नव्हतं, म्हणून खाली फतकल मारून एकेक भांडं पोत्यात सारत होती.

लालासाहेब सुनेच्या गुलाबी स्कुटीवर बसून आले. लष्करातनं सुभेदार म्हणून निवृत्त झालेला ताठ माणूस, आणि खाली ती स्कुटी. एरवी रंगूबाई यावरनं त्यांना चिडवल्याशिवाय राहायची नाही. आज तिनं नुसतं पोतं अंथरलं.

"बसत नाही," ते म्हणाले. "लांडगा आल्याचं कळलं. मी फॉरेस्टवाल्यांना फोन लावलाय. ते येतील, ठसे बघतील, पंचनामा करतील. धुळा, जागा दाखवायची तयारी ठेव."

"जागेवर आता काय ऱ्हायलंय, सायेब," धुळा म्हणाला. "मेंढरं फिरली तिथनं. ठसं मोडलं असत्याल."

"उसात तर मोडले नसतील? तू म्हणतोस उसात शिरला."

"व्हय. उसात पाचट हाय. पाचटावर ठसं उठत न्हाईत."

लालासाहेबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. जाता जाता स्वप्नालीकडं बघून ते रंगूबाईला म्हणाले, "रंगूबाई, हिला हलवू नका असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना? आमच्यात ठेवा. घर मोठं आहे."

"ठिवली असती," रंगूबाई म्हणाली. "पर ती म्हणती, जिथं वाडा तिथं मी. आन तिला एकटी टाकून माजा बी पाय निगायचा न्हाई. माज्याबिगर कोकरं कुणी बगायची?"

स्कुटी फुरफुरत गेली. रंगूबाई तिथंच उभी राहिली. काल टोचलेलं काय होतं, ते आता तिच्या हाताला लागत होतं. ठसे नाहीत, याला कारण तयार. उसात ठसे नाहीत, यालाही कारण तयार. धुळाला साधं विचारलं की काडेपेटी कुठं ठेवलीस, तर तो आधी डोकं खाजवायचा, मग घोड्याचं काहीतरी सांगायचा, मग म्हणायचा, "आगं, खिशातच हाय की." असला तिचा लेक. आणि काल लांडग्याची अख्खी गोष्ट तो कुठंही न अडखळता, बाभळीपासून उसापर्यंत, पाठ केल्यासारखी म्हणून गेला होता.

पाठ केल्यासारखी.

रंगूबाईचा नवरा बिरू ओव्या म्हणायचा. बिरोबाच्या जत्रेत तो उभा राहिला की मागं झील धरायला माणसं धडपडायची. कुणी नवा गडी शिकायला आला, की बिरू त्याची एकच परीक्षा घ्यायचा. गडी जोरात सुरू व्हायचा:

निघाला निघाला देव, डोंगर उतरून आला
वाटंत लागली नदी, नदीला इचारू लागला...

आणि मधेच बिरू हात वर करायचा. "थांब. नदी वलांडून झाली, तिथनं म्हण." ज्यानं नुसतं पाठ केलंय तो गडबडायचा, तोंडातल्या तोंडात पहिल्या कडव्यापासून पुन्हा धावत यायचा, तेव्हा कुठं त्याला नदी सापडायची. ज्याला ती नदी डोळ्यांपुढं दिसतेय, तो मात्र कुठनंही उभा राहायचा. मधनं, शेवटनं, पाण्यातनंसुद्धा. "डोळ्यानं बगितलेलं कुठनंबी धरता येतंय," बिरू म्हणायचा. "रचलेल्याला एकच शेपूट असतंय."

भाकरी भाजताना ही गोष्ट रंगूबाईनं सुनेलाही सांगितली होती. आणि आपली स्वतःची एक ओवी तिला ऐकवली होती, जात्यावर बसायचे दिवस होते तेव्हा केलेली:

खोट्याची ग वाट, कशी सरळ सडक
खऱ्याच्या वाटंला, बाई, जागोजागी खडक

पण ओवी ती ओवी. लेकाला खोटं ठरवायचं, तर तिच्या मनाला ते वजन पेलेना. समजा तो खरं बोलत असला, आणि आपण थांबलो, आणि लांडगा पुन्हा आला? समजा तो खोटं बोलत असला, आणि आपण घाट चढलो?

ती उठली आणि कासंडी घेऊन पांढऱ्या कानाच्या मेंढीकडं गेली.

*

मेंढीची कास तटतटून भरली होती. पिवळं चरायला लागलं तरी सकाळ-संध्याकाळ ढुसण्या मारून प्यायचंच.

"धुळा, हिला धर जरा. पिळून काढते, न्हाईतर गाठी व्हत्याल."

धुळानं मेंढीची मान दोन्ही गुडघ्यांत धरली. रंगूबाई खाली बसली. कासंडीत पहिली धार वाजली. पलीकडं गुंडा खुट्या उपटत होता. ठक, ठक, आणि मग जमिनीतनं खुटी निघाल्याचा मऊ आवाज.

"कालचं सांग की रं परत," ती म्हणाली.

"सांगितलं की, आये."

"माजं ध्यान नव्हतं. भाकर करपत हुती."

धुळानं श्वास घेतला. "उन्हं कलली हुती. मी बाभळीखाली उभा. मेंढरं वड्याच्या अंगाला..."

"तिथनं नगं. मधनं सांग."

"मधनं म्हंजी?"

"कुत्रं भुकलं, तिथनं. कंचं कुत्रं भुकलं?"

"कुत्रं... काळं."

"मग?"

"मग... म्हंजी, उन्हं कलली हुती. मी बाभळीखाली..."

"न्हाई रं बाळा. बाभळ झाली. तू आरुळी दिलीस, तिथनं. पांढऱ्या कानाची तवा कुठं हुती? ही?"

धुळानं मेंढीकडं बघितलं. मेंढीनं त्याच्याकडं बघितलं. रंगूबाईनं वर बघितलंच नाही. तिची बोटं चालत होती, आणि धारेचा आवाज दुधात बुडून जाड होत चालला होता. तिला वाटलं, आता हा आणखी एक तयार कारण देईल. देऊ दे. तिनं घाई केली नाही. बिरूही घाई करायचा नाही. हात वर करून उभा राहायचा, अख्खी जत्रा थांबायची.

"आवाजच आला न्हाई, आये," धुळा म्हणाला.

"कशाचा?"

"पाण्यात पडल्याचा. आवाज आला आसता तर... मी फोनवर हुतो. न्हाई, फोन आधी झाल्ता. फोन खिशात घालत हुतो. घोंगडं खांद्यावर हुतं, ते सरकलं म्हणून... ही पांढऱ्या कानाची काठावर हुबी ऱ्हाऊन वरडाय लागली. मला वाटलं, पाणी प्यायला वरडती. कालव्याला ते शिमिटाचं हाय न्हवं, गुळगुळीत, त्याच्यावर पाय ठरत न्हाई. मी घोंगडं टाकलं. घोंगड्याला त्यानं तोंडबी लावलं, आये. दोरा दिसला मला त्याचा, काळा. मग म्या उडी टाकली, पर पुढं त्यो पूल हाय ना, लहानसा... पुलाच्या आदी... न्हाई, पुलापशी गावलं. पर तवर..."

तो एकदम थांबला, आणि मग पुन्हा मागं जाऊन म्हणाला, "दवाखान्यातल्या पूजा ताईचा फोन हुता. स्वप्नाली कशी हाय इचारत हुती. नीट हाय म्हणालो."

रंगूबाईनं कासंडी बाजूला ठेवली. खडकाखडकांनी भरलेली ती वाट तिनं ऐकली, आणि तिला पिवळं दिसलं. कालच्या गोष्टीत ते एकदाही दिसलं नव्हतं.

"कुठं पुरलंस?"

"पुलाच्या कडंला. करंजीखाली."

"आन लांडगा कशाला आणलास रं मधी?"

"देवाचं कोकरू आपल्या हातनं पाण्यात गेलं, आसं तिला सांगू? तिची येळ जवळ आल्यावर? ती मनात काय धरंल? लांडग्यानं न्हेलं तर दोस न्हाई. लांडगा बिरुबाचं कुत्रं. त्यानं न्हेलं ते देवाला पोचलं."

"ह्ये कुणी सांगितलं तुला?"

"तूच की."

"मी?"

"मी लहान हुतो. माजं ते ढवळं कोकरू न्हेल्तं लांडग्यानं. मी जेवत नव्हतो. तवा तू म्हणालीस."

रंगूबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिला तो दिवस आठवला. नाकाचा शेंबूड पुसत चुलीमागं बसलेलं पोर, आणि हातात भाकरीचा तुकडा घेऊन त्याची समजूत काढणारी ती स्वतः. सुचेल ते बोलली होती.

"आरं, ते तुला गप करायला म्हणलं मी," ती म्हणाली. "तू घास खावास म्हणून. लांडगा कुठला देवाचा आलाय? त्यो त्याच्या पोटाचा."

धुळानं तोंड वर केलं. एवढा मोठा दाढीमिशीचा माणूस. त्याच्या तोंडावर आत्ताच कुणीतरी त्याचं ढवळं कोकरू दुसऱ्यांदा नेल्यासारखं झालं. मग त्याला हसू आलं, आणि रंगूबाईलाही आलं. दोघंही मेंढीच्या आडोशाला, आवाज न करता हसली. आणि हसता हसता रंगूबाईनं पदरानं डोळे पुसले.

"पर लांडगा म्हणलं की वाडा हलंल, ह्ये न्हाई सुचलं तुला?"

"तात्या बोललं तवा सुचलं. तवर सांगून झाल्तं."

"जा. तात्याला आदी सांग. मग लालासायबाला सांग, फारेस्टवाल्यांना कशाला हेलपाटा. लाज वाटंल. वाटू दे."

"आन तिला?"

"तिचं मी बगते."

*

स्वप्नाली पोत्याशी बसली होती. रंगूबाई तिच्याजवळ जाऊन बसली, आणि लेकावरची माया तिच्या जिभेवर येऊन बसली. आजचा दिवस जाऊ दे, तिला वाटलं. बाळंत होऊ दे, मग सांगू.

"सोड गं गाठुडी. हलायचं न्हाई," ती म्हणाली. "धुळाचं बगण्यात चुकलं. लांडगा न्हवताच त्यो. कोल्हं हुतं. सांजच्याला उजेड कमी, उसाची सावली पडलेली, त्याला वाटलं लांडगा. कोल्ह्याला भ्यायचं कारण न्हाई. त्यो एकदा आला म्हंजी परत..."

"आत्या," स्वप्नाली म्हणाली.

"काय गं?"

"मधनं सांगा."

रंगूबाईचा हात पोत्याच्या दोरीवर तसाच राहिला.

स्वप्नालीनं तोंड वर केलं नाही. ती तांब्या पोत्यात ठेवत होती. रंगूबाईनं आता बघितलं, तो तांब्या तिनं सकाळीही ठेवला होता. सकाळपासून ही पोरगी एकच पोतं भरत होती आणि रिकामं करत होती.

"त्यांचं घोंगडं मागच्या बाभळीवर वाळत घातलंय," स्वप्नाली म्हणाली. "रोज वाघरीवर टाकत्यात. काल तिकडं लांब न्हेलं. मी हात लावून बगितलं. पिळून निघंल एवढं वल्लं. लांडग्यामागं उसात पळणाऱ्याचं घोंगडं वल्लं कशानं व्हईल?"

"मग काल का बोलली न्हाईस?"

"वाटलं, स्वतः सांगत्याल. काल सांगत्याल, सकाळी सांगत्याल." ती जरा थांबली. "आन न्हाई सांगितलं, तर ह्ये पोतं काय आज भरत नव्हतंच."

रंगूबाईनं तिच्या पायांकडं बघितलं. सुजले होते. या पायांनी घाट चढायचा होता. ती म्हणाली, "कालव्यात पडलं गं. त्यानं उडी टाकली, पर न्हाई वाचलं. पुलाच्या कडंला, करंजीखाली पुरलंय. तुला भ्या वाटंल म्हणून त्यानं ह्ये सारं रचलं. मी बी त्यातच भर घालाय निगाले."

स्वप्नालीचा हात पोटावर गेला आणि तिथंच राहिला. कालव्याकडनं वारा येत होता, ओल्या मातीचा.

"भ्या वाटतंय," ती म्हणाली. "न्हाई कशाला म्हणू. पर मागच्या येळंला कुठं काय बुडालं हुतं, आत्या? कुठलं कोकरू गेल्तं? तरीबी गेलंच की माजं. ते वाटंनं गेलं. चालून चालून गेलं." तिनं तांब्या पोत्यातनं बाहेर काढला आणि चुलीपाशी ठेवला. "मला देवाचं भ्या न्हाई एवढं. सगळी मिळून माज्यापासनं काय लपवत्यात, ह्येचं हाय. रातभर त्येच मोजत हुते. कोकरू गेलं का आणखी काय गेलं."

रंगूबाईनं सुनेचे पाय आपल्या मांडीवर ओढून घेतले आणि चोळत बसली.

पलीकडनं गुंडाचा आवाज आला. "म्हंजी समद्या खुट्या परत ठोकायच्या? एकट्यानं? आरं, पाण्यात पडलं तर पाण्यात पडलं म्हणायचं, गड्या. लांडग्यानं काय घोडं मारलंय तुजं?"

"तुमी बसा, तात्या. मी ठोकतो."

"ठोकशीलच. आन वल्लं घोंगडं उनात टाक आदी. वास सुटलाय त्येला."

स्वप्नालीला हसू फुटलं. तिनं ते पदराआड दाबलं नाही.

थोड्या वेळानं धुळा आला. बायकोपुढं उभा राहिला, खाली बघत. स्वप्नालीनं भंडाऱ्याची पुडी त्याच्यापुढं धरली.

"करंजीखाली टाकून या. आन आल्यावर मला सांगा समदं. कुठनंबी सुरू करा."

तो गेला. रंगूबाई उठली, आणि तिनं जुळं झालेल्या एका मेंढीचं दुबळं पिल्लू उचलून पांढऱ्या कानाच्या मेंढीकडं नेलं. धनगराची जुनी युक्ती: तिचंच दूध पिल्लाच्या पाठीवर, शेपटीवर चोळायचं, म्हणजे मेंढी त्याला आपलं समजते. मेंढीनं पाठ हुंगली, शेपटी हुंगली. मग डोकं हुंगलं, जिथं रंगूबाई दूध लावायची विसरली होती. पाय आपटला. एक पाऊल मागं सरली.

ओळखलं होतं तिनं.

रंगूबाईनं पिल्लाला सोडलं नाही आणि मेंढीला धरलंही नाही. पिल्लानं मान ताणून कास शोधली. मेंढीनं एकदा कालव्याकडं बघून हाक मारली. मग पाय फाकून, जागच्या जागी, उभी राहिली.